हॅव आय बीन पोन्ड : आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वी सांगलीहून आईचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अगं, कुरिअरवाला म्हणून कुणीतरी बोलत होता. घराचा पत्ता बरोबर सांगितला, मी मागवलेलं बीपी मोजायचं मशीनसुद्धा सांगितलं. आता ओटीपी मागतोय. देऊ का?" देऊ नकोस म्हटलं आणि त्याच रात्री तिचा ईमेल हॅव आय बीन पोन्डवर, म्हणजे आपला ईमेल कुठल्या चोरलेल्या माहितीच्या साठ्यात आहे का ते सांगणाऱ्या साइटवर, टाकून पाहिला. एकही गळती सापडली नाही. स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले.

मग त्या माणसाला मशीनचं कळलं कुठून?

मशीन मागवलं त्या ॲपवर आईने ईमेल दिलाच नव्हता. मोबाइल नंबर, ओटीपी, झालं खातं तयार. आपल्याकडे किराणा, औषधं, रिक्षा, सगळं नंबरवर चालतं आणि ही सेवा शोधते ईमेलवरून. 2021 मध्ये फेसबुकच्या 53 कोटींहून जास्त लोकांची माहिती बाहेर आली, तेव्हा त्यात ईमेल फार थोड्यांचे होते, नंबर मात्र सगळीकडे. म्हणून ही साइट बनवणाऱ्या ट्रॉय हंट यांनी नंबरवरून शोधायची सोय केली होती. 2025 मध्ये साइट नव्याने आली, तेव्हा ती तिथून काढली. शिवाय आईची माहिती कुणी हॅक करून नेली असेल असंही नाही. पार्सलवरच्या लेबलचा फोटो काढून कुणी विकला, तर तो कुठल्याच यादीत येणार नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. लिंक्डइनमध्ये चोरी झाली 2012 ला. साडेसोळा कोटींच्या आसपास खात्यांचा तो साठा उघड्यावर आला मे 2016 मध्ये. ही साइट सुरू झाली डिसेंबर 2013 ला. म्हणजे मधली दोन-अडीच वर्षं त्या चोरीतल्या माणसाने आपला ईमेल इथे तपासला असता, तर ही चोरी त्याला दिसलीच नसती. साइटची यात चूक नाही. चोरलेला साठा हाती आल्याशिवाय ती सांगणार काय? "सापडलं नाही" याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

माझ्या स्वतःच्या ईमेलवर चार नोंदी निघाल्या. त्यातली एक ‘कलेक्शन नंबर वन’, जानेवारी 2019 मधली, वेगवेगळ्या गळत्यांमधल्या 77 कोटी ईमेलची गोळाबेरीज. मी त्यात आहे एवढं कळलं. कुठल्या साइटवरून गेले, कुठला पासवर्ड गेला, ते नाही. ईमेल आणि पासवर्ड एकत्र ठेवायचे नाहीत हे त्यांचं धोरण मला पूर्ण पटतं, पण एक अख्खा रविवार जुनी खाती आठवण्यात गेला. काही संवेदनशील साइटच्या गळत्या फक्त ईमेलच्या मालकालाच, खात्री करून दाखवतात. तेही योग्यच. म्हणजे आईचा ईमेल मी तपासला, तो निकाल तसाही अपुराच होता.

पासवर्ड तपासायची सोय मात्र मनापासून आवडली. तुमचा पासवर्ड ब्राउझरमधून बाहेर जातच नाही. त्याचा 40 अक्षरी हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही असा सांकेतिक ठसा, तिथेच तयार होतो, पहिली 5 अक्षरं तेवढी पाठवली जातात, त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या, गळलेल्या पासवर्डांच्या हॅशची यादी परत येते आणि तिच्याशी जुळणी आपल्याच मशीनवर होते. माझा जुना, चार ठिकाणी वापरलेला पासवर्ड तिथे निघाला. त्याच दिवशी सगळीकडे बदलला. इथेही ध्यानात ठेवा: यादीत नसलेला पासवर्ड चांगला असतोच असं नाही. मुलीचं नाव आणि जन्मसाल जोडलेला पासवर्ड यादीत नसला, तरी ओळखीचा माणूस तो दोन मिनिटांत काढेल.

आणि पासवर्ड बदलता येतो. पत्ता, जन्मतारीख, आईचा वीस वर्षं जुना नंबर यांचं काय करायचं?

नवी गळती आली की ईमेल येतो, ती मोफत सूचना मी चालू ठेवली आहे, तुम्हीही ठेवा. आईसाठी मात्र फोनशेजारच्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात लिहिलं: पत्ता बरोबर सांगितला तरी ओटीपी द्यायचा नाही. गेल्या महिन्यात पुन्हा तसाच फोन आला. तिने ते वाक्य त्या माणसाला वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.