५०:१ सांगून ४:१ पाठवला: सीएनसीच्या रोटरी ॲक्सिसमध्ये झालेली फसवणूक

घरच्या किंवा छोट्या वर्कशॉपमधल्या सीएनसी राऊटरला (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर लाकूड कोरणाऱ्या मशीनला) चौथा अक्ष, म्हणजे लाकूड गोल फिरवणारी रोटरी, बसवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा आणि मगच पैसे पाठवा. माझे ३४,००० रुपये अडकलेत. ज्या पद्धतीनं अडकले ती पद्धत बाहेरून अजिबात दिसत नाही. माल येतो, तो फिरतोही, त्यावर स्टिकरही बरोबर असतं. खोटं असतं ते आतल्या गिअरमध्ये.

मी कोल्हापुरात लाकडाचं काम करतो. देव्हारे, मखरं, झोपाळ्याचे पाट असलं. राऊटर सपाट कोरीव काम सुरेख करतो, पण देव्हाऱ्याला खांब लागतात, आणि गिऱ्हाइकाला हल्ली साधा गोल खांब नको असतो. पिळाचा हवा, वर वेलबुट्टी हवी. हातानं एक खांब कोरायला जो वेळ जातो त्यात गणपतीच्या आधीच्या ऑर्डरी पूर्ण होत नाहीत. रोटरी असली की लाकूड चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचं, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर, म्हणजे आधाराची टोकदार पिन, लावायचं, आणि टूल खांबाच्या लांबीवर सरकत असताना लाकूड स्वतःभोवती फिरत राहतं. माझं मशीन जुन्या कॉम्प्युटरवर माक३ हा मशीन चालवणारा प्रोग्राम वापरून चालतं. माक३ मध्ये चौथ्या अक्षाची सोय आधीपासून आहे, म्हणजे फक्त रोटरी आणि तिचा ड्रायव्हर (मोटरला वीज देऊन फिरवणारं सर्किट) घ्यायचा होता. (ज्यांचं मशीन आर्डुइनो या छोट्या बोर्डवरच्या साध्या जीआरबीएल प्रोग्रामवर चालतं त्यांनी लक्षात ठेवा, त्यात एक्स, वाय, झेड एवढेच अक्ष आहेत. 'तुमच्या बोर्डला लागेल' असं कुणी सांगितलं तर कसं लागेल ते आधी विचारा.)

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात मोटर आणि चक यांच्यामध्ये दातेरी पट्टा असतो, रेशो (चकच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे) ४:१ किंवा ६:१. दुसऱ्यात हार्मोनिक गिअरबॉक्स असतो, रेशो ५०:१ किंवा १००:१. हार्मोनिकची युक्ती फार सुंदर आहे. आत पातळ, लवचीक दातेरी वाटी असते, तिला लंबगोल कॅम आतून ताणतो, आणि बाहेरच्या कड्याला वाटीपेक्षा दोन दात जास्त असतात. कॅमचा एक फेरा झाला की वाटी फक्त दोन दातांनी सरकते. वाटीला १०० दात असतील तर चकच्या एका फेऱ्यासाठी मोटरला ५० फेरे मारावे लागतात, आणि दातांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, जवळपास नसतो. वॉल्टन मसर या अमेरिकन इंजिनिअरला याचं पेटंट १९५९ मध्ये मिळालं. आज बऱ्याच रोबोटच्या सांध्यांत हाच गिअर असतो.

हे सगळं सांगतोय ते एका हिशोबासाठी, कारण माझी फसवणूक या हिशोबातच पकडली गेली. नेहमीची स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी) एका पूर्ण स्टेपला १.८ अंश फिरते. रेशो ४:१ असेल तर चकला ती स्टेप ०.४५ अंशाची पडते, ५०:१ असेल तर ०.०३६ अंशाची. ८० मिलिमीटर जाडीच्या खांबाच्या पृष्ठभागावर मोजलं तर पहिल्यात सुमारे ०.३१ मिलिमीटर, दुसऱ्यात ०.०२५. मायक्रोस्टेपिंगनं, म्हणजे एका स्टेपचे बारीक भाग करून, हालचाल गुळगुळीत होते हे खरं, पण टूलचा दाब आला की मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) पूर्ण एका स्टेपपर्यंत दबू शकतो. सागवानात कडक रेघ लागली की ४:१ वरचा खांब तेवढा मागे ढकलला जातो आणि वेलीच्या कडेला लाटा उठतात. म्हणून मला हार्मोनिकच हवा होता, आणि हे मी विक्रेत्याला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

तो म्हणाला, "दादा, हार्मोनिकच आहे, पन्नासला एक, डोळे झाकून घ्या." व्हिडिओ पाठवला. त्यात खरंच हार्मोनिक गिअरबॉक्स होता, झाकण उघडून आतली वाटी दाखवलेली. किंमत पट्ट्याच्या रोटरीपेक्षा बरीच जास्त सांगितली, ती मला वाजवीच वाटली. अर्धे आगाऊ, अर्धे माल निघण्याआधी, असं ठरलं. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी त्यानं एका खासगी यूपीआय नंबरवर पैसे मागितले, 'फर्मच्या खात्याला आज अडचण आहे' म्हणून. मी ते फर्मच्याच खात्यावर पाठवले, आणि आज तेवढीच एक गोष्ट कागदावर माझ्या बाजूनं भक्कम आहे. बिलावर त्यानं लिहिलं होतं: 'रोटरी अटॅचमेंट विथ मोटर, १ सेट'. रेशो नाही, हार्मोनिक हा शब्द नाही, चकचा मॉडेल नंबर नाही. बोलण्यात सगळं होतं, बिलात काहीच नव्हतं. असली फसवणूक उभी राहते ती इथे.

पेटी आली, ती उघडताना मी सलग व्हिडिओ घेतला. बाहेर '५०:१' असं स्टिकर होतं. चकला हात लावला आणि तो सहज गर्रकन फिरला. ५०:१ च्या मागे मोटर असताना चक असा फिरत नाही. तो हातानं ढकलायला जोर लागतो, कारण चकच्या एका फेऱ्याबरोबर मोटरला पन्नास फेरे घ्यावे लागतात.

तरी पूर्ण खात्री करून मगच बोलावं म्हणून जोडणी केली. ड्रायव्हर मोटरच्या एका फेऱ्याला १६०० पल्सवर (विजेच्या ठोक्यांवर) ठेवला. ५०:१ धरलं तर चकच्या एका फेऱ्याला ८०,००० पल्स, म्हणजे एका अंशाला २२२.२२. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातही हाच आकडा होता. तो माक३ मध्ये भरला आणि ३६० अंशांची आज्ञा दिली. चक एक फेरा मारून थांबायला हवा होता. त्यानं साडेबारा फेरे मारले. पन्नास भागिले चार, साडेबारा.

हा व्हिडिओ त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, लेखी, व्हॉट्सॲपवर: 'सर सेटिंग चुकली आहे, १७.७८ टाका, बरोबर चालेल.' टाकलं, आणि अर्थातच बरोबर एक फेरा झाला. आता तुम्हीच गुणून बघा. १७.७८ गुणिले ३६० म्हणजे ६४००. भागिले १६०० म्हणजे ४. ज्या माणसानं मला ५०:१ विकला त्यानंच दुरुस्ती म्हणून ४:१ चा आकडा लिहून दिला. त्याला आत काय आहे ते पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. मागचं झाकण उघडलं तर १५ दातांची पुली, ६० दातांची पुली आणि मध्ये पट्टा.

पट्ट्याची रोटरी वाईट नसते हे मला इथे सांगितलंच पाहिजे. साधे गोल पाय, लाटणी, हलकी नक्षी यांसाठी ती उत्तम चालते, स्वस्त असते आणि पट्टा घट्ट असेल तर खेळही फारसा नसतो. तीच हवी असेल तर तीच घ्या, तिच्याच किमतीला. माझा राग आहे तो पट्टा देऊन हार्मोनिकचे पैसे घेण्यावर.

पुढे मी ती उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चकमध्ये घासलेला रॉड धरून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं माप) लावला. चकचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.२ मिलिमीटरच्या वर निघाला, आणि टेलस्टॉकचं सेंटर चकच्या सेंटरपेक्षा पाऊण मिलिमीटर खाली. म्हणजे खांब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. काकांनी हातातला गेज खाली ठेवला आणि म्हणाले, "हे शिमचा पातळ पत्रा घालून नीट करता येईल रे, पण तुला नवी वस्तू विकलीय ना त्यानं?"

परतावा मागितल्यावर विक्रेत्याची भाषा बदलली. आधी 'तुम्हाला वापरता येत नाही', मग 'गॅरंटी फक्त मोटरची', मग फोन बंद. काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला: आम्ही त्यांच्या रिफंड विभागातून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ज्याचे पैसे आधीच अडकलेत त्याच्या घाईवर टपून हा दुसरा डाव टाकला जातो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. असल्या फोनमध्ये पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं, अशा तक्रारीसाठी आधी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथून विक्रेता बधला नाही म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 'मशीन धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून कारागिरांना घाबरवलं जातं, ते मानू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून दाखल करता येते. माझी तक्रार दाखल आहे, नोटीस निघाली आहे. पुरावे म्हणून पेटी उघडतानाचा व्हिडिओ, साडेबारा फेऱ्यांचा व्हिडिओ, १७.७८ चा तो मेसेज आणि बँकेचा उतारा जोडला आहे.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एकच व्हिडिओ मागा, न तोडलेला. चौकटीत तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद, मोटरची वायर काढलेली, मागच्या बाजूनं मोटरच्या शाफ्टवर मार्करची खूण, आणि चक हातानं एक पूर्ण फेरा. खूण किती वेळा फिरली ते मोजा. ५०:१ असेल तर पन्नास. खरा माल असलेल्याला याला पाच मिनिटं लागतात. जो 'सर, विश्वास ठेवा' म्हणतो त्याच्याकडे तो माल नाही. मग रेशो, गिअरचा प्रकार, चकचा आकार आणि जॉ (पकडीचे जबडे) किती, सेंटरची उंची, हे सगळं बिलावर लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर तिथेच थांबा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर तपासा, फर्मचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की नाही ते फुकटात दिसतं. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुण्यातून बोलतोय म्हणणाऱ्याच्या बिलावर दुसरंच काही असेल तर विचारा.

माल हातात आल्यावर चकमध्ये सरळ पट्टी धरा, मध्यापासून १०० मिलिमीटरवर डायल गेज टेकवा, मोटरला वीज चालू ठेवून, पण ती न फिरवता, पट्टी हातानं हलकेच दोन्हीकडे दाबा. ०.१ मिलिमीटर हललं तर खेळ सुमारे ०.०६ अंशाचा. हार्मोनिकमध्ये याहून कमीच दिसायला हवा. आणि काहीही जोडताना किंवा काढताना आधी वीज बंद करा. चालू मशीनवर स्टेपरची वायर निघाली की ड्रायव्हर जळू शकतो, आणि मग विक्रेत्याला सगळा दोष तुमच्यावर ढकलायला कारण मिळतं.

तो हार्मोनिकचा व्हिडिओ परवा मला पुन्हा दिसला. दुकानाचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, किंमत आता २९,०००. मागे निळा रंग दिलेली भिंत, टेबलावर हिरवी रबरी चटई, आणि झाकण उघडणाऱ्या हाताच्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी. हाच व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका.