एडीएचडीच्या तपासणीच्या नावाखाली ३५,२९९ रुपये गेले

१,४९९ रुपये 'तज्ज्ञांशी सल्लामसलत', ९,८०० 'ब्रेन मॅपिंग', २४,००० 'न्यूरो-ट्रेनिंग पॅकेज'. बेरीज ३५,२९९. हा आकडा घरात अजून कुणाला माहीत नाही.

सुरुवात नेहमीचीच. रीलखाली जाहिरात, सहा प्रश्न आणि लगेच निकाल: 'एडीएचडीची शक्यता ८७ टक्के'. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. मग कोऑर्डिनेटरचा गोड फोन, आजच भरलं तर सूट, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ते सहा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या एएसआरएस प्रश्नावलीतले, फुकट मिळणारे. पूर्ण प्रश्नावली १८ प्रश्नांची असते आणि ती फक्त पुढे तपासणी हवी का एवढंच सुचवते. टक्केवारी-बिक्केवारी त्यात काही नसते.

शिकलेली बाई अशी कशी फसली, असं कुणी म्हणायच्या आत सांगते. जन्मभर आळशी, वेंधळी, धांदरट ऐकलेल्या माणसाला 'तुमचा दोष नाही हो' असं कुणी पहिल्यांदा म्हणालं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. चांगल्या मनोविकारतज्ज्ञांच्या तारखा महिनोन्महिने पुढच्या, हे दुसऱ्याच दिवशी वेळ देत होते. पैसे परत मिळण्याच्या अटी सतरा पानी, मुदत ४८ तास. ज्यांना लांबलचक मजकूर वाचवत नाही आणि तारखा लक्षात राहत नाहीत, नेमकं त्यांच्यासाठी रचलेलं आहे हे सगळं!

मला छळतो तो रिपोर्ट. फॉर्म दोन होते. एक माझा, दुसरा मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी भरायचा. घरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दुसरा मी कोराच पाठवला. रिपोर्ट आला, मेंदूची लाल-निळी चित्रं, आणि तिसऱ्या पानावर 'निरीक्षकाचा स्कोअर: ४१'. कोऱ्या कागदाला ४१! मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा. "मॅडम, ते सिस्टिम ईईजीवरून काढते." ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. आणि त्याच फोनवर मी २४,००० ची लिंक उघडली. आठवलं की अजून अंगाची आग होते. पण पांढरा कोट घातलेला माणूस स्क्रीनवर गंभीरपणे मान हलवत असताना कोण त्याला खोटा म्हणेल?

ईईजीच्या चित्रावरून मोठ्या माणसाचं निदान ठरत नाही. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये एका ईईजी यंत्राला परवानगी दिली, ती ६ ते १७ वयाच्या मुलांसाठी, तीही डॉक्टरच्या तपासणीला जोड म्हणून. यांच्या जाहिरातीत फक्त 'एफडीए मान्य'.

त्या कोटवाल्याने माझ्या लहानपणाबद्दल चकार शब्द विचारला नाही. मानसिक विकारांच्या निदानाचे निकष सांगणाऱ्या डीएसएम-५ या ग्रंथाप्रमाणे मोठ्यांमध्ये लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात, त्यातली काही बाराव्या वर्षाआधीची, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी. बालपण विचारलं नाही तर तिथेच फोन ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच भरलेत, रिपोर्टही मिळालाय, यात गुन्हा कुठला? बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाने तर कळसच केला: हे गृहस्थ आमच्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्याविरुद्धची तक्रार आमच्याकडे घेता येत नाही. अहो, तो यादीत नाही हीच तर माझी तक्रार! मग ग्राहक तक्रार आयोगाच्या दाराशी गेले, तर तिथे कंपनीचा पत्ता हवा. पावतीवर पत्ता नाही, आणि पत्ता शोधायचं काम कुणाचं, तर फसवल्या गेलेल्या माणसाचं. पैसे द्यायच्या आधी नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. नंतर कुणी तपासत नाही. निदानाआधी उपचारांचं पॅकेज विकणाऱ्याला एक पैसा देऊ नका.

पुढे खऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागितली, भावाशी बोलले, थायरॉइड आणि झोप आधी तपासू म्हणाले, कारण त्यातूनही लक्ष उडतं. निदान अजून व्हायचंय. तो रंगीत रिपोर्ट त्यांनी बाजूला सारला.

पण तो मी फाडलेला नाही. माझ्यासारखीच फसलेली एकजण भेटली, तिच्याही तिसऱ्या पानावर ४१ च आहे. तुमच्याकडे असा रिपोर्ट असेल तर ते पान काढून बघा. आकडा तोच निघाला तर मला कळवा, तक्रार एकत्र करू.