ब्रिजवर ‘५९’: काही महिने वाजवल्यानंतर

एकाच गिटारवर ब्लूज, रॉक, थोडं फंक आणि अधूनमधून मेटलही वाजवायचं असेल, तर ब्रिजला (तारा जिथे अडकतात त्या टोकाला) मध्यम ताकदीचा हमबकर, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा दोन कॉइलचा, गुणगुण मारणारा पिकअप, घ्यावा, असं माझं मत झालंय. सेमूर डंकनचा एसएच-१, म्हणजे ‘५९’ मॉडेल, गेले काही महिने दोन हमबकर असलेल्या माझ्या गिटारच्या ब्रिजवर आहे. आधी तिथे गिटारबरोबर आलेला सिरॅमिक चुंबकाचा गरम, म्हणजे जास्त ताकदीचा, पिकअप होता. डिस्टॉर्शनवर तो छान भरदार वाजायचा, पण त्याला तेवढंच येत होतं. व्हॉल्यूम कमी केला की आवाज नुसता मंद व्हायचा, स्वच्छ काही होत नसे.

निवडताना बहुतेक जण आधी किलोओहमचा आकडा बघतात. ‘५९’च्या ब्रिज पिकअपचा रोध साधारण ८.१ किलोओहम. त्याच कंपनीचा दुसरा पिकअप, जेबी, १६ च्या पुढे जातो. म्हणून जेबी दुप्पट जोरदार, असा हिशेब मात्र करू नये. ‘५९’च्या कॉइलला ४२ गेजची तार आहे, जेबीला त्याहून बारीक ४४ गेजची, बारीक तारेचा रोध तेवढ्याच वेढ्यांना जास्त भरतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानानुसार बदलतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. थंडीत आणि उन्हाळ्यात तोच पिकअप मीटरवर वेगळा आकडा दाखवेल आणि कानाला फरक कळणारही नाही. चुंबक दोन्हींत अल्निको ५ (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं) च आहे. तार, वेढे आणि चुंबक एकत्र धरले तरच आकड्याला अर्थ येतो.

आता आवाज. मूळ कल्पना १९५५ च्या सुमाराची, गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी बनवलेल्या हमबकरची. ‘५९’ त्याच घराण्यातला. वरचे सूर चमकदार, खालचा भाग गोल आणि मध्ये किंचित खोलगट. मला सगळ्यात आवडलं ते व्हॉल्यूम नॉबचं वागणं. अ‍ॅम्प जेमतेम फाटेल इतका लावायचा, नॉब १० वर ठेवून लीड वाजवायचं, ७ वर आणलं की रिदम, ४ वर जवळजवळ क्लीन. पेडलला पाय लावायची गरजच पडत नाही. एकेक तार सोडून वाजवलेल्या कॉर्डमध्ये प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. बोटांचा जोर कमी-जास्त केला की तोही लगेच कळतो (हे थोडं अडचणीचंही आहे, आळशी उजवा हात लपत नाही).

नॉब खाली आणताना वरचे सूर गळतात, कारण केबलची कपॅसिटन्स. त्यावर मी व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रोधकावर) १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रोधक समांतर जोडून लावला. या छोट्या जोडणीने पिकअप बदलण्याइतकाच फरक पडला म्हटलं तरी चालेल. पॉट ५०० किलोओहमचेच ठेवले. २५० चे लावले तर ‘५९’ची चमक जाते, कर्कश वाटणाऱ्या जेबीला मात्र अनेक जण मुद्दाम २५० चा लावतात.

जास्त गेनवर, म्हणजे डिस्टॉर्शन खूप असताना, हा पिकअप सैल पडतो. ड्रॉप डीमध्ये (सगळ्यात जाड तार डी सुरावर उतरवून) जलद पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवताना, खालची तार थोडी पसरते. उपाय जुनाच आहे: पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याचा गेन जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर. पेडल खालचा भाग कापतं, अ‍ॅम्पला धक्का देतं आणि रिफ आवळून येतो. पिकअप मेणात बुडवलेला असल्यामुळे मोठ्या आवाजातही शिट्टी मारत नाही.

घेताना चार तारांच्या केबलचीच आवृत्ती घ्यावी, कारण हा एकतारी केबलमध्येही मिळतो. चार तारा असल्या की पुश-पुल पॉटवरून (ओढून स्विचसारखा वापरता येणाऱ्या नॉबवरून) बरंच काही करता येतं. कॉइल स्प्लिट (दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवणं) मी आधी लावला आणि नंतर काढला. ८ चे ४ किलोओहम झाले की आवाज बारीक होतो, आणि वर गुणगुण परत येते. त्यापेक्षा दोन्ही कॉइल समांतर जोडणं मला पटलं. रोध २ च्या आसपास येतो, ताकद कमी होते, पण आवाज काचेसारखा स्वच्छ राहतो आणि गुणगुण येत नाही. फंकच्या रिदमला आता तेच वापरतो. स्प्लिटच हवा असेल तर दोन कॉइलच्या सांध्यातून अर्थकडे जाणाऱ्या वाटेत छोटा रोधक टाकावा. दुसरी कॉइल थोडी चालू राहते आणि आवाजात मांस उरतं.

नेकला (गिटारच्या मानेकडच्या बाजूला) दुसऱ्या कंपनीचा पिकअप असेल तर मधल्या स्विचवर, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र वाजताना, आवाज पोकळ, नाकातला येऊ शकतो. फेज उलटी आहे, म्हणजे दोन्हींचे सिग्नल एकमेकांना कापतात, इतकंच. एका पिकअपची गरम (सिग्नलची) आणि अर्थची तार अदलाबदल करायची. उघडी शील्डची तार अर्थलाच राहू द्यायची. मापाचंही बघून घ्या: रुंद ट्रेमोलो ब्रिजसाठी ट्रेमबकर (याच पिकअपचं रुंद माप), बाकीच्यांना साधा.

पिकअपच्या उंचीवर मात्र वेळ द्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मी तार आणि पिकअपमधलं अंतर जाड बाजूला सुमारे २.५ मिलिमीटर आणि बारीक बाजूला २ ठेवून सुरुवात केली. वर नेला तर जोर वाढतो, पण सुरांतलं अंतर मिटतं. खाली नेला की हवा येते. माझा शेवटी जाड बाजूने अजून थोडा खाली स्थिरावला आणि दुसऱ्या तारेचा स्क्रू अर्धा फेरा वर. पहिल्या दिवशी तीक्ष्ण वाटणारा पिकअप निव्वळ एवढ्यावर शांत झाला.

फक्त मेटल वाजवणाऱ्याने हा घेऊ नये, सिरॅमिकवाला गरम पिकअप त्याच्या कामाचा. मुळातच पातळ, चिरका आवाज असलेल्या गिटारलाही मी हा सुचवणार नाही. तिथे जास्त मिड असलेला जेबी चांगला बसेल. माझी गिटार महॉगनीची, जड आणि थोडी गडद आहे. नेकचा जुना पिकअप अजून तसाच आहे आणि ‘५९’ शेजारी तो आता फारच चिखलट वाटायला लागलाय, त्यामुळे पुढचा नंबर त्याचा.