बौद्धनाथजवळच्या दुकानातून घेतलेला हरित तारेचा थांका

काठमांडूतील बौद्धनाथ स्तूपाच्या प्रदक्षिणामार्गावर थांक्यांची, म्हणजे कापडावर रंगवलेल्या बौद्ध धार्मिक चित्रांची, बरीच दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून मी गेल्या वर्षी हरित तारा या बौद्ध देवतेचा थांका घेतला आणि वर्षभर रोज पहाटे त्याच्यासमोर बसल्यानंतरच हे परीक्षण लिहीत आहे.

चित्र सुती कापडावर काढलेले आहे. खडूची पूड आणि सरस यांचा लेप इतका नीट घोटला आहे की तिरप्या उजेडातही कापडाची वीण दिसत नाही. चित्राभोवती कापडी चौकट शिवण्यापूर्वी दुकानदाराने मागची बाजू आपण होऊन दाखवली, हे मला फार आवडले; तारेचे कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या बरोबर मागे ‘ॐ आः हूँ’ ही अक्षरे लिहिलेली होती.

तारेचा डावा पाय ध्यानासाठी दुमडलेला असून उजवा पाय खाली सोडून लहानशा कमळावर टेकवलेला आहे, म्हणजे ध्यानात असूनही ती हाकेसरशी उठायला सिद्ध आहे. उजवा हात वरदमुद्रेत आहे, डाव्या हातात निळे उत्पल, म्हणजे निळे कमळ आहे आणि अंगाचा हिरवा रंग अमोघसिद्धी या बुद्धाच्या कुळाचा, कृतीचा रंग आहे. आठ महाभयांतून सोडवणारी ही देवता आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सातव्या लेण्यात संकटांतून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

साधनेत आधी चित्र न्याहाळायचे, मग डोळे मिटून कमळ, त्यावर चंद्रबिंब, त्यावर ‘ताँ’ हे बीजाक्षर आणि त्यातून प्रकटणारी तारा अशी क्रमाने उभी करायची, मंत्र जपायचा आणि शेवटी ते सारे रूप प्रकाशात विरू द्यायचे. अवयवांची प्रमाणे शास्त्राने बांधून दिलेली असतात, ती यासाठीच की मनात दर वेळी तीच तारा यावी. पहिले दोन महिने डोळे मिटताच उत्पलाची दांडी माझ्याकडून हरवत असे. बोटांमधून निघून ती डाव्या खांद्यापर्यंत कशी चढते, हे चित्रकाराने इतके स्वच्छ रेखाटले आहे म्हणूनच ती अखेर मनात टिकली. डोळे सर्वांत शेवटी रंगवण्याची प्रथा आहे, आणि येथे खालच्या पापणीची बारीक रेषा पाहिली की त्या हाताची स्थिरता कळते.

तक्रार चौकटीबद्दल आहे. किनखाब शुद्ध रेशमी असल्याचे सांगितले होते, पण सुटलेला एक धागा जाळून पाहिला तेव्हा त्याची काळी, कडक गुठळी झाली. चित्रावर सोडायचा पातळ पडदाही दिलेला नव्हता. पुढच्या खेपेस चित्र तेथूनच घेईन, कापड मात्र स्वतः पारखून शिंप्याकडे देईन.