नीटसाठी क्लास की एमबीबीएसवाल्याची शिकवणी?

मूल दहावी पास झालं आणि सायन्स घेऊन नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायचं ठरलं की खानदेशातल्या घराघरात एकच खल सुरू होतो. लातूरला पाठवायचं, धुळे-जळगावचा क्लास लावायचा, की मेडिकलला शिकणाऱ्या एखाद्या मुलाची शिकवणी? मी स्वतः धुळ्यात एमबीबीएस करतो आणि संध्याकाळी बायोलॉजी शिकवतो. त्यामुळे आमच्यासारख्यांची कच्ची बाजू आधी सांगतो. ती म्हणजे फिजिक्स.

फिजिक्सचा पाया कच्चा असेल तर सरळ क्लास लावा. ४५ प्रश्न, १८० गुण. मेकॅनिक्स मुळापासून शिकवायला वर्षानुवर्षं तेच करणारा सर लागतो. आमचं फिजिक्स नीटच्या पेपरबरोबरच सुटतं, पुढे अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मान वर करू देत नाहीत. शिवाय क्लासमध्ये नियमित टेस्ट होतात आणि इतक्या मुलांत आपण कुठे आहोत ते कळतं. घरच्या शिकवणीत ते कळत नाही.

बायोलॉजीचं गणित वेगळं आहे. ७२० पैकी ३६० गुण तिथे आहेत आणि प्रश्न बहुतेक एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतल्या ओळींवरच बेतलेले असतात. आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात, घरी अहिराणी बोलणारी. अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं. शंभर मुलांच्या वर्गात ती हात वर करत नाहीत. माझ्यासमोर बसलेला मुलगा मात्र निःसंकोच म्हणतो, "दादा, हे वाक्यच कळलं नाही." मग हेन्लेचा लूप (मूत्रपिंडातल्या नळीचा वळसा) आधी मराठीत: उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं, क्षार जवळजवळ नाहीत, चढत्या भागातून क्षार जातात, पाणी नाही. त्यानंतर तेच इंग्रजी वाक्य त्याला मोठ्याने वाचायला लावतो. हे वाचन टाळून चालत नाही. नीटचा पेपर मराठीत घेता येतो, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात.

दुसरा मोठा फायदा चुका तपासण्याचा. टेस्ट क्लासची असली तरी चालेल, चुकलेले प्रश्न आमच्याकडे आणा. प्रत्येकापुढे लिहायचं: येतच नव्हतं, दोन पर्यायांत अडकलो, की प्रश्न नीट वाचला नाही. 'चुकीचं विधान कोणतं' असं विचारलेलं असताना बरोबर विधानावर गोल करणारी हुशार मुलं मी पाहतो. येत असलेला प्रश्न असा घालवला की ५ गुणांचा फटका बसतो: मिळणारे ४ गेले, वर १ वजा. तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, तिथे ही सवय फार महाग पडते. एवढ्या बारकाईने एकेकाची वही पाहणं मोठ्या क्लासला जमत नाही.

शिकवणारा निवडताना त्याची रँक विचारण्यापेक्षा २०२४ पासून अभ्यासक्रमातून काय गेलं ते विचारा. बायोलॉजीतून पचनसंस्थेचा धडा वगळला, केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट. हे ज्याला माहीत नाही तो स्वतःच्या जुन्या नोट्स शिकवणार. माझ्या मते पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सर्वांत बरा, त्याला एनसीईआरटीच्या ओळी अजून आठवतात. फायनल इयरवाल्याला ज्ञान जास्त, पण तो वॉर्डातलं सांगत बसतो आणि ड्युटीमुळे तास बुडतात.

लातूरचं म्हणाल तर घरापासून लांब राहून झेपणारं मूल असेल आणि घरी अभ्यासाला जागाच नसेल तर जरूर पाठवा. केवळ शेजारच्याचा गेला म्हणून नको. शहादा-तळोद्याहून रोज एसटीने धुळ्याला येण्याचा विचार असेल तर तोही सोडा. त्यापेक्षा फिजिक्स-केमिस्ट्रीला जवळचा क्लास आणि बायोलॉजीला आठवड्यातून दोन-तीनदा शिकवणी, गरज पडली तर व्हिडिओ कॉलवर. माझा कौल या जोडीलाच आहे.

फी मात्र महिन्याची महिन्याला द्या. आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला त्याच्या विद्यापीठाच्या परीक्षा कधी आहेत ते विचारून घ्या, कारण त्या काळात तो सुट्टी घेणारच. नीट मे महिन्यात असते, त्यामुळे मार्च-एप्रिलची उजळणी त्या सुट्टीत सापडत असेल तर दुसरा माणूस आत्ताच बघा.