तुलुमच्या पंपावर पाचशेचे वीस

मेक्सिकोत पाचशे पेसोंची नोट निळी असते आणि वीसची जुनी नोटही निळीच. दोन्हींवर चेहरा एकाच माणसाचा, माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचा. हे जायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर आमचे अडीच हजार रुपये वाचले असते, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आम्ही चौघं अमेरिकेत शिकणारे, म्हणजे खिशाने कायम हलके. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे सेमिस्टर संपली की आपल्या पोरांचे ग्रुप कानकुनला उतरतात. आमचा बेत मात्र कानकुनच्या हॉटेलांच्या रांगेत एकही रात्र न काढता सरळ दक्षिणेला जायचा होता. प्लाया देल कार्मेन, तुलुम आणि शेवटी बाकालारचं तळं. हॉस्टेलचे बंक, रस्त्यावरचे टाको, पाठीवर एकेक सॅक. पैशांसाठी कॉन्ट्री काढायची आणि ती सायलीकडे द्यायची, कारण चौघांत हिशेब फक्त तिलाच जमतो.

खरं तर बसनेही भागलं असतं. एडीओच्या बसेस चांगल्या आहेत, आणि तुलुमपर्यंत ३०७ नंबरच्या हमरस्त्यावर कोलेक्तिवो नावाच्या व्हॅन हात दाखवला की थांबतात. पण सेनोते (चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली गोड्या पाण्याची कुंडं) बरेचदा हमरस्त्यापासून आत असतात, उन्हात चालत जावं लागतं. चौघांत गाडी परवडेल असं वाटलं. वेबसाइटवर भाडंही दिवसाला जेमतेम काही डॉलर दिसत होतं.

काउंटरवर गेल्यावर कळलं की तो आकडा म्हणजे नुसता देखावा. थर्ड पार्टी विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे, तो त्या आकड्यात धरलेलाच नव्हता, आणि त्याची रक्कम भाड्याच्या कितीतरी पट. 'आमच्या क्रेडिट कार्डावर विमा आहे' असं ओंकारने सांगून पाहिलं. पण कार्डाचं संरक्षण असतं ते तुमच्या भाड्याच्या गाडीला काही झालं तर. तुम्ही दुसऱ्याला धडक दिलीत तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे काउंटरवरचा माणूस कायद्याने बरोबरच होता. तरी मी याला फसवणूकच म्हणतो. जो खर्च टाळताच येत नाही तो किमतीतून वगळून जाहिरात करायची आणि गिऱ्हाईक सामानासकट दारात उभं राहिलं की सांगायचं, याला दुसरं काय म्हणणार? बुकिंग करण्याआधी कंपनीला ईमेल करून थर्ड पार्टी विमा आणि करांसकट एकूण रक्कम लेखी मागवा. तो ईमेल काउंटरवर दाखवता येतो. जे एकूण रक्कम सांगायला टाळाटाळ करतात त्यांच्याकडे जाऊच नका.

आता पंपाकडे येतो.

तुलुम सोडलं की ३०७ जंगलात शिरतो. पुढचं मोठं गाव फेलिपे कारियो पुएर्तो, जवळजवळ ९५ किलोमीटर, आणि मध्ये पंपाची खात्री नाही. म्हणून जो तो सांगतो, टाकी तुलुमलाच भरा. आपल्याला इथून न भरता पुढे जाता येत नाही हे पंपावरच्यांनाही पाठ असतं. पेट्रोल भरायला पंपावर माणूस असतो, भरून झालं की त्याला थोडी टिप द्यायची रीत आहे. टिप सोडली तर इथवर सगळं आपल्याकडच्यासारखंच.

आमच्या गाडीपाशी दोघं आले. एकाने नळी लावली. दुसरा न सांगताच काच पुसायला लागला आणि मोडक्या इंग्रजीत गप्पा सुरू केल्या. कुठले तुम्ही? इंडिया? केवढ्या लांबून आलात! पुढे कुठे, बाकालार? बिल आठशेच्या वर झालं. ओंकारने खिडकीतून पाचशेच्या दोन नोटा दिल्या. नळीवाला अर्धं पाऊल बाजूला वळला, परत वळला, आणि हात पुढे केला. हातात एक पाचशेची नोट आणि एक वीसची. चेहरा अगदी शांत. 'सेन्योर, ही वीसची आहे.'

ओंकार चक्क सॉरी म्हणाला! घाईने पाचशेची आणखी एक नोट काढून दिली. त्या माणसाने वीसची नोट अदबीने परत केली, वर हजारातून उरलेले पैसे पेसो न पेसो मोजून दिले. मागच्या सीटवरून सायली म्हणाली, 'अरे, पण आपल्याकडे वीसची नोट आलीच कुठून?' सकाळी एटीएममधून सगळ्या पाचशेच्याच निघाल्या होत्या, नाश्त्याचे सुटे आले ते पन्नास-शंभराच्या नोटा आणि नाणी. निळी वीसची आमच्या पाकिटात कधी नव्हतीच.

मग उतरून बोलाचाली झाली. काच पुसणाऱ्याचं इंग्रजी एकाएकी संपलं. मॅनेजर नाही. कॅमेरा आहे का, तर खांदे उडवले. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि ऊन उतरत होतं. रात्री त्या रस्त्याने जाऊ नका असं आम्हाला बजावलेलं होतं, कारण गावागावांच्या तोंडाशी उंच गतिरोधक आहेत आणि अंधारात ते दिसत नाहीत. नोट एकदा हातातून गेली की ती पाचशेची होती याचा पुरावा तुमच्याकडे काहीच उरत नाही. आम्ही निघालो.

बाकालारच्या हॉस्टेलची मालकीण साठीच्या पुढची होती. तिने ऐकून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग म्हणाली, आमची माणसंही फसतात. २०१८ सालापर्यंत पाचशेवर चित्रकार दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो होते. त्या ऑगस्टमध्ये नवी निळी नोट आली आणि लोकांची ओरड सुरू झाली. शेवटी मध्यवर्ती बँकेलाच फरक समजावून सांगावा लागला. तिने गल्ल्यातून दोन्ही नोटा काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. पाचशेची कागदी, चांगलीच लांब, मागे करडे देवमासे. वीसची प्लास्टिकची, आखूड, एक पारदर्शक खिडकी असलेली, मागे माँते आल्बानचे अवशेष. शेजारी ठेवल्या की शेंबडं पोरही ओळखेल. पण पंपावर कुणी शेजारी ठेवून दाखवत नाही. २०२१ मध्ये वीसची नवी नोट आली ती हिरवी आहे आणि वीसचं नाणंही आहे, तेव्हा निळ्या वीसच्या मिळाल्याच तर लगेच टाकोवाल्याला देऊन टाका. पाकिटात निळं ते पाचशेचंच, असा हिशेब राहू द्या.

तिने आणखी सांगितलं ते असं. गाडीतून एकाने उतरायचंच. नळी लावण्याआधी आकडा शून्यावर आहे ना ते बघायचं (हे आपल्याला काय नवीन, पण सुट्टीच्या मूडमध्ये आपण विसरतो). नोटा एकेक करून द्यायच्या आणि प्रत्येक नोट देताना मोठ्याने 'किनिएन्तोस' म्हणायचं, पाचशे. त्यानेही तो आकडा उच्चारेपर्यंत नोट सोडायची नाही.

मला हे जरा उद्धट वाटलं होतं. पण परतीच्या वाटेवर फेलिपे कारियो पुएर्तोच्या पंपावर एक म्हातारा होता, त्याने सायलीने दिलेली नोट खिशात टाकण्याआधी स्वतःच ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून आकडा म्हटला. सरळ माणसालाही हेच हवं असतं, कारण उद्या एखादं गिऱ्हाईक वीस देऊन पाचशे दिल्याचं सांगेल ही भीती त्यालाही असतेच.

कार्डाने देत असाल तर मशीन तुमच्यासमोर आणायला लावा आणि चलन विचारलं तर पेसो निवडा. एटीएमवरही तसंच: 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं मशीन विचारतं, तिथे नाही म्हणा. तो दर जवळजवळ नेहमीच महाग असतो, आणि नाही म्हटलं तरी पैसे मिळतात. पंपावर पावती मागून घ्या. प्रोफेको म्हणून तिथली ग्राहक संरक्षण संस्था आहे, ती पंपांच्या तक्रारी घेते, पण कुठला पंप आणि किती वाजता हे तरी तुमच्याकडे हवं. आम्ही पावती घेतली नव्हती, त्यामुळे आमची तक्रार तिथेच संपली.

आणि गाडी परत करताना टाकी भरलेली लागते. विमानतळाजवळच्या पंपांवर सगळे विमान गाठायच्या घाईत असतात, तिथे भरू नका. पुएर्तो मोरेलोसला निवांत भरून घ्या, तिथून विमानतळापर्यंत काटा फारसा हलत नाही.