ग्रिलचं दुकान की आयटीआय?

माझा बेळगावकडच्या खानापूरचा पुतण्या यंदा दहावी झालाय आणि वेल्डिंग कुठं शिकायचं, हाच वाद घरात चाललाय.

दुकानात गेलं की पहिल्या दिवशी हातात ग्राइंडर येतो आणि आठवड्याला चार पैसे सुटतात. वर्षभरात गेट, जिना, पत्र्याची शेड, सगळं जमायला लागतं. पण अवघड जागा आली की जॉबच, म्हणजे जोडायची वस्तूच, फिरवून सपाट करायचा, ही सवय लागते. मी तसाच शिकलो. चार वर्षं ६०१३ या साध्या वेल्डिंग रॉडवर काढली. एका कंपनीत टेस्टला गेलो, तिथं ७०१८ हा वेगळा रॉड दिला. तो भट्टीत तापवून वापरायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. जोड वरून देखणा, एक्स-रेत भोकंच भोकं. दुपारच्या बसनं घरी.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड १ वर्षाचा, आठवी पासवरही मिळतो. वर्षभर कमाई नाही, वर बसभाडं. मात्र आर्क, गॅस, टिग, मिग असे वेल्डिंगचे सगळे प्रकार हाताखालून जातात, ड्रॉइंग वाचता येतं. प्रवेशाआधी वर्कशॉपमध्ये डोकावून बघा: मशीन किती, पोरं किती. रॉड मोजून देतात तिथं हात बसत नाही. पुढची अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली, विद्यावेतनासह.

आता नोकरीचं. बेळगावचे उद्यमबाग, मच्छे हे कारखान्यांचे भाग घराजवळ. निपाणीकडच्या पोराला कोल्हापूरकडची कागल, गोकुळ शिरगाव एमआयडीसीही जवळच पडते. दोन्हीकडे गेटवर आधी सर्टिफिकेट मागतात, मग प्लेटवर टाका मारायला लावतात. खरा पैसा पाइपाच्या वेल्डिंगात. चिकोडी, अथणीकडच्या साखर कारखान्यांत हंगाम संपला की दुरुस्ती निघते, पण बॉयलरच्या प्रेशर पार्टला, म्हणजे वाफेचा दाब झेलणाऱ्या भागाला, हात लावायचा तर बॉयलर खात्याची परीक्षा पास हवी. सिक्स-जी या पाइप वेल्डिंगच्या अवघड टेस्टमध्ये पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो. वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं, पाइप फिरत नाही! दुकानातला गडी इथंच अडतो.

आखातात जायचं डोक्यात असेल तर दहावी सोडू नका. आठवीवाल्याच्या पासपोर्टला तिकडं जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी, लागतो, दहावीवाल्याला नाही.

पुतण्याचा फॉर्म आयटीआयचाच भरलाय. रविवारी मात्र माझ्या दुकानात यायचं, आणि नुसत्या काळ्या गॉगलवर टॅक, म्हणजे छोटा टाकाही, मारायचा नाही. हेल्मेट घेऊन ये म्हटलंय; रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन मी कितीदा तळमळलोय ते त्याच्या काकूला विचारा.